जाळीमागचा बर्फ

१

विमलाबाई गांगुर्डे रोज सकाळी आठच्या ठोक्याला तळघराचं कुलूप काढत. अकरा पायऱ्या उतरायच्या, लोखंडी दार ढकलायचं, दिवा लावायचा आणि सगळ्यात आधी बादली बघायची. बादली मशीनच्या पोटाखाली असे. मशीनचं खरं नाव डिह्युमिडिफायर. ते उच्चारताना सोसायटीच्या चेअरमनची सुद्धा बोबडी वळायची, म्हणून गावातल्या बायकांनी त्याचं बारसं केलं होतं: पाणखाऊ. खोलीतली हवा हा पाणखाऊ पुढच्या जाळीतून आत ओढायचा, आतल्या गार नळ्यांवर तिच्यातली ओल धरायची, ती ठिबकून बादलीत पडायची, आणि कोरडी हवा वरून बाहेर यायची. पावसाळ्यात दिवसाला दोन लिटर, ना कमी ना जास्त.

तळघरात पैसाअडका नव्हता, सोनंनाणं नव्हतं. पिंपळगाव बसवंतच्या बासष्ट घरांचं उळं होतं, म्हणजे कांद्याचं बी. उन्हाळ्यात काढलेलं उळं पोळ्यापर्यंत सांभाळणं म्हणजे मांजरापासून दूध राखणं. त्याला उकाडा सोसत नाही आणि दमट हवा तर मुळीच सोसत नाही. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात घरोघरच्या मडक्यांतलं उळं ओल धरून मेलं होतं. वाफ्यावर वाफे टाकले आणि एक हिरवी काडी वर आली नाही. पिढ्यान्‌पिढ्या सुनेच्या हाती आलेलं घरचं बी त्या एका वर्षात कितीतरी घरांतून कायमचं गेलं, आणि असं बी कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. उरलेलं वाचवायचं म्हणून सोसायटीने तळघर पक्कं करून घेतलं, मुंबईहून जुना पाणखाऊ आणला आणि किल्ली विमलाबाईंच्या हाती दिली. विमलाबाई हट्टी आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. किल्ली त्यांच्याकडे आली ती त्याच गुणावर.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणातल्या एका सकाळी बादली कोरडी होती.

विमलाबाईंनी जाळीतून आत पाहिलं. नळ्यांवर बर्फ चढला होता, चांगला बोटभर जाड. असं कधी झालंच तर काय करायचं ते त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी मशीन बंद केलं, जाळीमागची गाळणी काढून धुतली आणि बर्फ वितळायची वाट बघत त्या स्टुलावर बसल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बर्फ सगळीकडे नाही. दोन्ही बाजूंच्या नळ्या स्वच्छ होत्या. मधेच तेवढा थर होता, खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, आणि अगदी वर नारळाएवढा एक गोळा. एका बाजूचा उतार दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त होता. नळी कुठेतरी वाकली असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

२

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी विमलाबाईंनी हायवेवरच्या कोल्ड स्टोरेजमधून नाथाला बोलावून घेतलं. नाथा गार मशीनांचा मिस्त्री. पन्नाशीचा, बोलघेवडा, आणि कामात मात्र असा चोख की कॉम्प्रेसरवर नुसता हात ठेवून रोग सांगायचा.

त्याने गॅस तपासला, पंखा तपासला, गाळणी उजेडाकडे धरून पाहिली. मग उकिडवा बसला आणि बिडी न पेटवताच तोंडात धरली.

"ताई, बर्फाची तीनच कारणं. गाळणी चोंदली, नाय तर गॅस कमी, नाय तर जाळीपुढं काय आडवं आलं. पहिली दोन नाय. म्हंजे तुम्ही जाळीला पोतं लावून ठेवलं असंल."

"मी? पोतं? या तळघरात मी चप्पल घालून येऊ देत नाही कुणाला."

"मग बघा." नाथाने एक पुठ्ठा फाडला, कात्रीने चौकोन कापला आणि जाळीला टेकवून मशीन सुरू केलं. पंख्याचा आवाज लगेच बसला. मोकळा घोंघाट होता तो घुसमटल्यासारखा झाला. अर्ध्या तासाने त्याने पुठ्ठा काढला. जाळीमागे नळ्यांवर पुठ्ठ्याच्या मापाचा पांढरा चौकोन उमटला होता.

"जिथं हवा पोचत नाय तिथं बर्फ धरतो," नाथा म्हणाला. "हिशेब सरळ हाय. आता तुमचा बर्फ कसा होता म्हणालात?"

विमलाबाईंनी हवेत हात फिरवून आकार दाखवला. खाली रुंद, वर निमुळता, त्याच्यावर गोळा. नाथा हसत होता तो हसायचा थांबला. विमलाबाईंचा हातही मधेच थांबला.

"कुणी पाठ टेकून बसल्यावाणी," नाथा म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला ते आवडलं नाही. त्याने हत्यारं पिशवीत कोंबली. "दाराला कुलूप असतं ना?"

"किल्ली माझ्या कमरेला असते."

"मग नळीच वाकली असंल," नाथा म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला. येताना तो एकेक पायरी उतरत आला होता, जाताना दोन-दोन चढला.

३

विमलाबाईंच्या वडिलांनी छप्पन साली घरातला देव्हारा गोदावरीत सोडला होता आणि त्याबरोबर देवस्की, उतारे, अंगात येणं, सगळं उंबऱ्याबाहेर काढलं होतं. त्या घरात वाढलेली बाई बर्फाच्या आकाराला भ्यायला बसत नाही. आकार असेल तर कारण असणार, आणि कारण असेल तर ते सापडणार. त्यांनी चहाच्या बशा आणल्या, प्रत्येकीत खडेमीठ घातलं आणि प्रत्येक मांडणीखाली एकेक बशी ठेवली. जिथून ओल येत असेल तिथलं मीठ आधी पाझरेल, एवढी साधी गोष्ट.

त्याच दुपारी बया आली. नदीच्या अंगाला राहणाऱ्या कुसाबाईची ही सून. नवरा टेम्पोवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कुसाबाई आषाढात दोन दिवसांच्या तापाने गेली होती. बया तळघराच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि पदर सारखा करत म्हणाली, "ताई, आत्याबाईंची पिशवी मागायला आले. पोळा झाला की रोप टाकायचं हाय."

"पोळ्याला अजून तीन आठवडे आहेत."

"तवा तरी द्याल ना?"

इथे विमलाबाईंचा एक नियम आडवा आला, आणि तो त्यांनी स्वतःच घातलेला होता. पहिल्याच वर्षी एका दिराने भावजयीची पिशवी गोड बोलून नेली आणि तिचं उळं आपल्या वावरात टाकलं. ती बिचारी ठेवीची चिठ्ठी घेऊन आली तर मांडणी रिकामी. तेव्हापासून ठरलं: ज्या हाताने पिशवी ठेवली त्याच हाताने उचलायची. नवरा नको, दीर नको, शेजारीण नको. या नियमामुळेच बायका विश्वासाने उळं आणून देत. पण ठेवणारा हातच उरला नाही तर काय, हे नियम करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. विमलाबाईंच्याही नाही.

"सोसायटीची मीटिंग होईल, मग बघू," त्या म्हणाल्या.

"आत्याबाईला लय घोर होता त्याचा. तापात पण तेच. माझं उळं, माझं उळं." बया खाली दाराकडे बघत होती. "मी एकवार बघून जाऊ का?"

"नियम नाही, बया."

बया गेली. तिची पाठ वळल्यावर विमलाबाईंना स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून नियम मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

दुसऱ्या सकाळी त्या खाली उतरल्या तेव्हा दाराआडून पंख्याचा आवाज ऐकू आला. घुसमटलेला, नाथाच्या पुठ्ठ्यासारखा. त्यांनी कुलपात किल्ली फिरवली. कडी वाजली त्या क्षणाला आवाज मोकळा झाला. दार ढकललं तर खोली रिकामी. जाळीमागे बर्फ. आणि बशांपैकी एकाच बशीतलं मीठ वितळून पाणी झालं होतं, मशीनसमोरच्या मांडणीखालच्या बशीतलं. बाकीच्या बशा खडखडीत होत्या.

विमलाबाई घाबरल्या. हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्यांनी जे केलं ते न घाबरणाऱ्या बाईचं काम वाटेल.

४

त्यांनी बर्फ वितळवला, जाळी कोरडी पुसली, मशीन सुरू केलं. मग आतून दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसून जाळीला पाठ टेकली.

पंख्याचा आवाज बसला. पाठीला गारवा लागला. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची फटफट ऐकू येत होती, आणि इथे एक शहाणीसुरती बाई मशीनला टेकून बसली होती. त्यांना थोडं हसूही आलं. त्यांनी अर्धा तास घड्याळ लावून मोजला. तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या श्वासाखेरीज दुसरा श्वास ऐकला नाही. ऐकायचा प्रयत्न मात्र केला.

उठून त्यांनी जाळीतून पाहिलं. नळ्यांवर त्यांची पाठ उमटली होती. खाली रुंद, वर निमुळती, वर डोक्याचा गोळा. म्हणजे नळी वाकलेली नव्हती. रोजचा आकार याच जातीचा होता, फक्त वितीने लहान, आणि त्याचा उजवा खांदा उतरलेला. विमलाबाईंचे दोन्ही खांदे सारखे होते.

उजवा खांदा उतरलेली एकच बाई विमलाबाईंना माहीत होती. तरुणपणी बैलगाडीवरून पडली होती आणि हाड तसंच जुळलं होतं. मे महिन्यात ती पिशवी घेऊन आली तेव्हा डाव्याच हाताने मांडणीवर ठेवली होती. ठेवल्यावर दोनदा थोपटली होती.

विमलाबाई पुन्हा जाळीजवळ बसल्या, पण या वेळी टेकल्या नाहीत. तिथे बसून सरळ पुढे पाहिलं की डोळ्यांच्या रेषेत काय येतं तेवढंच त्यांना बघायचं होतं. समोरच्या मांडणीवर, बरोबर नजरेसमोर, कुसाबाईची पिशवी होती.

म्हणजे ती मशीनला टेकत नव्हती. ती आपल्या उळ्याकडे तोंड करून बसत होती. मशीन नेमकं पाठीशी होतं, एवढंच.

पण मशीनचं काम बंद पडत होतं. रोज रात्रभर पाणखाऊ बर्फाने गोठून नुसता घोंघावत होता, आणि ओल जमत होती. एकीच्या राखणीपायी बाकी एकसष्ट घरांचं उळं मरायला टेकलं होतं. विमलाबाईंनी हातातल्या हातात बोटं मोडली. मेलेल्या माणसाची त्यांना दया आली, आणि तितकाच रागही आला.

"कुसाबाई, असं नाही चालायचं," त्या मोठ्याने म्हणाल्या. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

५

त्यांनी पिशवी उचलून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या मांडणीवर नेऊन ठेवली. तिथून मशीन आठ हात दूर. तिथे ज्याला बसायचं त्याने खुशाल बसावं, पाठीशी भिंत आहे.

दुसऱ्या सकाळी पायऱ्या उतरतानाच पंख्याचा मोकळा घोंघाट ऐकू आला. नळ्या स्वच्छ होत्या. बादलीत दोन लिटर पाणी. विमलाबाईंना हायसं वाटलं. आपण किती सहज सोडवलं हे, असं वाटून त्यांनी स्वतःला शाबासकीही दिली. मग त्या कोपऱ्यात गेल्या.

तिथल्या बशीत मिठाचा खडा उरला नव्हता, काठोकाठ पाणी होतं. भिंत कोरडी होती. जमीन कोरडी होती. पिशवीचं कापड मात्र ओलसर होतं, मागच्या बाजूने नाही, पुढच्या. तान्ह्या मुलाच्या तोंडाजवळचं दुपटं असतं तसं, गरम श्वासाने दमटलेलं.

कोल्ड स्टोरेजमध्ये नाथाकडून ऐकलेली एक गोष्ट त्यांना आठवली. आत चार हमाल जास्त असले की नळ्या बर्फाने लवकर भरतात, कारण माणूस श्वासातून पाणी सोडत असतो. तेव्हा ही नुसती माहिती वाटली होती.

त्यांनी गाठ सोडली. पिशवीत हात घातला. वरचं उळं काळं, टणक, हवं तसं होतं. बोटं खाली गेली तसतसं ते फुगलेलं लागलं. मूठभर बाहेर काढून दिव्याखाली धरलं तर एकेका दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका होता. उळं कोंबावर आलं होतं. जी रात्रीमागून रात्र इतक्या काळजीने त्याच्याकडे तोंड करून बसली होती, तिच्याच काळजीने ते भिजलं होतं.

कोंब फुटलेलं उळं परत सुकत नाही. आज मातीत गेलं तर जगेल, उद्या फेकायच्या लायकीचं. मीटिंग आठ दिवसांनी होती.

विमलाबाईंनी पिशवी बांधली. ज्या हाताने ठेवलं त्याच हाताने, हा नियम त्यांनी वर्षभर जपला होता. तो मोडताना त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. बाहेर पडताना मात्र त्यांनी दार लगेच ओढून घेतलं नाही. एक माणूस बाहेर पडेल एवढा वेळ ते उघडं धरून ठेवलं. मग आपण हे काय करतोय म्हणून स्वतःवरच चिडून त्यांनी कुलूप लावलं.

६

बयाच्या वस्तीवर पोचेस्तोवर दुपारचे चार वाजले. आभाळ भरून आलं होतं आणि भुरभुर सुरू होती. बयाने पिशवी पाहिली आणि तिचे डोळे भरले. मग तिने आत हात घातला, कोंब पाहिले, आणि रडणं तिथेच थांबवलं. शेतकऱ्याची बाई होती, तिला सांगायला लागलं नाही.

"लय पाऊस हाय, ताई. आत्ता टाकलं तर सडंल."

"सडेल कदाचित. न टाकलं तर मरेल नक्की. गादीवाफा उंच कर, वरून पाचट टाकू."

"तुमचा नियम?"

"नियमाचं मी बघते. तू फावडं घे."

विहिरीजवळच्या उंचवट्यावर दोघींनी वाफा केला. दहा हात लांब, दोन हात रुंद. बयाने बोटाने ओळी ओढल्या आणि उळं सोडत गेली, चिमूट मोजून, न सांडता, सासूने शिकवलं असेल तसं. पिशवी रिकामी झाली तेव्हा उजेड अजून होता. आता तेवढ्या ओळी मातीने झाकायच्या राहिल्या होत्या. हे काम हाताचंच. तळहाताने माती लोटायची, हलकेच दाबायची, पुढे सरकायचं. उघड्यावर राहिलेला कोंब तासाभरात पावसाने उपटून निघतो.

बया विहिरीकडच्या टोकाला बसली आणि मान खाली घालून झाकायला लागली. विमलाबाई बांधावर उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी. भुरभुर वाढत होती. बयाचे हात भराभर चालत होते, आणि विमलाबाईंना पहिल्यांदाच वाटलं की हे जगेल. तळघरातली एकसष्ट घरं वाचली आणि हे बासष्टावंही वाचेल.

"राहू द्या हो ताई," बया मान वर न करता म्हणाली. "तुम्ही कशाला चिखलात हात घालता? मी करते तेवढं."

विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वाफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

तिकडची माती हलत होती. ओळीच्या दोन्ही बाजूंनी ती मधे लोटली जात होती, मग थोडी दबत होती, की पुढची चार बोटं. तळहाताएवढी सपाट जागा एकापाठोपाठ एक तयार होत होती, नीटनेटकी, अजिबात घाई न करता. त्या सपाट जागांच्या मागे, वाफ्याच्या कडेला, बसलेल्या बाईएवढ्या जागेवर पाऊस पडत नव्हता. बाकी सगळीकडे पडत होता. दर खेपेला ती कोरडी जागा थोडी पुढे सरकत होती.

 धावत सुटावं, बयाला हाताला धरून ओढून न्यावं, असं त्यांच्या पायांनी ठरवलंसुद्धा. पण बयाने आत्ता वर पाहिलं तर ती पळणार, आणि निम्मा वाफा उघडा राहणार, आणि पाऊस वाढत होता.

"ताई? थांबताय ना?"

"होऊ दे, बया," विमलाबाई म्हणाल्या. आवाज सरळ ठेवायला त्यांना छत्रीची दांडी घट्ट धरावी लागली. "वर बघू नको. आपली ओळ पुरी कर."

 बयाच्या हातांचा वेग थोडा कमी झाला, मग परत पहिल्यासारखा झाला. ती मान खाली घालून पुढे सरकत राहिली, समोरून ती माती सपाट होत येत राहिली, आणि विमलाबाई दोन्हीकडे बघत उभ्या राहिल्या. मधे उघडी जागा आता वीतभरच उरली होती.